मॅकचा बदलता प्रोसेसर आणि मॅकओएसचे कुलूप : कोकणातील वापरकर्त्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील छापखाने, फोटो स्टुडिओ, लग्नाचे व्हिडिओ करणारे व्यावसायिक आणि घरून काम करणारी मंडळी यांच्याकडून ॲपलच्या संगणकांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत असते. प्रोसेसर बदलणे हा एक निर्णय आहे; मॅकओएस ही कार्यप्रणाली फक्त स्वतःच्या यंत्रांवरच चालू देणे हा दुसरा. पहिल्यामागे अभियांत्रिकीची कारणे आहेत, दुसऱ्यामागे मुख्यतः व्यापाराची. आपली अडचण यांपैकी कशातून आली आहे हे कळले, की तिच्यावर उपाय आहे की नाही हेही बहुधा लक्षात येते.

ॲपलने आजवर मॅकचा प्रोसेसर किती वेळा बदलला?

तीन वेळा. १९८४ चा पहिला मॅकिंटॉश मोटोरोलाच्या ६८००० या प्रोसेसरवर चालत होता. मार्च १९९४ मध्ये पॉवरपीसीवरचे मॅक आले. हा प्रोसेसर ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला यांच्या भागीदारीतून घडला होता. ६ जून २००५ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी इंटेलकडे जाण्याची घोषणा केली आणि १० जानेवारी २००६ रोजी इंटेलचे पहिले आयमॅक व मॅकबुक प्रो जाहीर झाले. तिसरा बदल २२ जून २०२० रोजी टिम कुक यांनी जाहीर केला. या वेळी प्रोसेसर ॲपलने स्वतः आखलेला, मोबाइलमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एआरएम घराण्यातला होता, आणि एम१ हा त्यातला पहिला प्रोसेसर असलेले तीन मॅक १० नोव्हेंबर २०२० रोजी जाहीर झाले.

इंटेलकडचे स्थलांतर २००७ अखेरपर्यंत पुरे करू असे सांगून कंपनीने ते ऑगस्ट २००६ मध्येच संपवले. २०२० च्या वेळी दोन वर्षांचा वायदा होता. शेवटचा मॅक प्रो मात्र जून २०२३ मध्ये बदलला.

२००५ मध्ये पॉवरपीसी का सोडला? तो तर इंटेलपेक्षा वेगवान असल्याचे कंपनीच सांगत असे.

सांगत असे, आणि काही कामांत ते खरेही होते. अडचण होती ती उष्णतेची आणि विजेची. जून २००३ मध्ये जॉब्ज यांनी पॉवरपीसीच्या जी५ या प्रोसेसरचा वेग वर्षभरात ३ गिगाहर्ट्झवर नेण्याचे आश्वासन दिले होते. एप्रिल २००५ उजाडला तरी तो २.७ वरच होता, आणि तेथवर पोहोचण्यासाठीही पॉवर मॅकच्या आत द्रवाने थंड करणारी यंत्रणा बसवावी लागली होती. असा प्रोसेसर लॅपटॉपमध्ये बसणे शक्यच नव्हते, त्यामुळे पॉवरबुक हे ॲपलचे तेव्हाचे लॅपटॉप शेवटपर्यंत आधीच्या पिढीच्या जी४ वरच राहिले. बाजार लॅपटॉपकडे सरकत असताना लॅपटॉपलायक प्रोसेसर नसणे कोणत्याही संगणक कंपनीला परवडले नसते. म्हणून २००५ च्या घोषणेत भर होता तो खर्च झालेल्या प्रत्येक वॉटमागे किती काम होते यावर.

मग २०२० मध्ये इंटेलही का सोडले?

कारण तेच होते, फक्त पात्र बदलले होते. इंटेलचे १० नॅनोमीटरचे (हा आकडा जितका लहान तितके ट्रान्झिस्टर बारीक) उत्पादन काही वर्षे रखडले, आणि त्याच काळात आयफोन व आयपॅडसाठी ॲपल स्वतः आखत असलेले प्रोसेसर दरवर्षी पुढे जात राहिले. एम१ मध्ये ५ नॅनोमीटर तंत्राने बसवलेले १६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. त्याच्या आठ गाभ्यांपैकी (कोर) चार जड कामासाठी आणि चार कमी विजेवर हलके काम उरकण्यासाठी आहेत.

आपल्या भागात याचा अर्थ आकड्यांनीच समजून घ्यावा. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार इंटेलचा २०१८ चा मॅक मिनी कमाल १२२ वॉट घेतो, तर एम१ चा २०२० चा मॅक मिनी कमाल ३९ वॉट. काही काम नसताना पहिला सुमारे २० वॉट ओढतो आणि दुसरा ७ च्या आसपास. ज्यांचे दुकान पावसाळ्यात इन्व्हर्टरवर चालते त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातली कितीतरी गावे पुढे अनेक दिवस अंधारात होती. वॉटचा हिशेब सांगणारी ती घोषणा त्याच महिन्यात झाली हा निव्वळ योगायोग, पण तिचे महत्त्व त्या आठवड्यांत जनरेटर भाड्याने घेतलेल्यांना पटावे असेच होते.

आणखी एक फायदा जाहिरातीत कोणी सांगत नाही. एम१ पासूनच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही. किनाऱ्यालगतच्या गावांत पंख्याचे लॅपटॉप दिवसभर खारी, दमट हवा आत खेचत असतात. असा लॅपटॉप उघडला की पंख्याच्या वाटेवरच्या जोडण्यांवर हिरवट थर दिसतो आणि स्क्रूच्या डोक्यांना गंज चढलेला असतो. पंखा नसला म्हणजे गंज चढणार नाही असे नव्हे, पण हवा ओढून आत आणणारे कोणी उरत नाही.

प्रोसेसर बदलला की जुने सॉफ्टवेअर चालेनासे का होते?

प्रत्येक प्रोसेसर घराण्याच्या आज्ञा वेगळ्या असतात. एकासाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्याला कळत नाही. मध्ये दुभाषी लागतो. शेवटच्या दोन्ही बदलांच्या वेळी ॲपलने असा दुभाषी दिला आणि त्याचे नाव दोन्ही वेळा रोझेटा ठेवले. मात्र दोन्हींची कुवत सारखी नव्हती.

पॉवरपीसी आणि इंटेल यांच्यात आकड्यांचे बाइट स्मृतीत मांडण्याचा क्रमच उलटसुलट होता, त्यामुळे पहिल्या रोझेटाला प्रत्येक पावलावर अदलाबदल करावी लागे. मॅक ओएस ९ च्या काळातले प्रोग्राम चालवणारे क्लासिक हे वातावरण तर इंटेल मॅकवर आलेच नाही. पानांची मांडणी करणारा पेजमेकर मॅक ओएस ९ नंतरच्या मॅक ओएस एक्ससाठी कधीच निघाला नव्हता, त्यामुळे क्लासिकच्या भरवशावर तो वापरणाऱ्या छापखान्यांचे दार २००६ मध्येच बंद झाले. जुलै २०११ मध्ये आलेल्या मॅक ओएस एक्स १०.७ मधून पहिला रोझेटाही काढून टाकला गेला.

दुसरा रोझेटा पुष्कळच सरस आहे. एआरएम आणि इंटेल यांचा बाइटक्रम एकच आहे, प्रोग्रामचे बरेचसे भाषांतर तो पहिल्यांदा उघडण्याआधीच करून ठेवले जाते, आणि स्मृतीतील व्यवहारांचा क्रम इंटेलप्रमाणे पाळण्याची सोय एम१ च्या सिलिकॉनमध्येच केलेली आहे. त्यामुळे काही प्रोग्राम जुन्या इंटेल मॅकपेक्षा रोझेटातून अधिक वेगाने चाललेले लोकांनी पाहिले. पण कार्यप्रणालीच्या गाभ्यात शिरणारे, उपकरणे चालवणारे ड्रायव्हर तो भाषांतरित करीत नाही. जुना स्कॅनर, फोटो छापण्याचा मोठा प्रिंटर किंवा डोंगलवर (संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारी टंकप्रणाली अडते ती येथे. असे उपकरण असेल तर मॅक घेण्यापूर्वीच त्याच्या उत्पादकाकडे नव्या प्रोसेसरसाठीचा ड्रायव्हर आहे का, हे विचारून घ्यावे. दुकानदाराचे ‘चालेल हो’ येथे उपयोगाचे नाही.

या दुभाष्याचीही मुदत ठरली आहे. मॅकओएस २७ पर्यंत रोझेटा पूर्णपणे मिळेल आणि त्यानंतर तो काही जुन्या खेळांपुरताच राहील, असे कंपनीने जाहीर केले आहे.

माझा प्रोग्राम रोझेटातून चालतो की थेट, हे कसे ओळखावे?

ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून ‘काइंड’ हा स्तंभ पाहावा. तेथे ‘इंटेल’ दिसले तर तो प्रोग्राम रोझेटातून चालला आहे, ‘ॲपल’ दिसले तर थेट.

मॅकओएस दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर का चढवू देत नाहीत?

कारण ॲपल मुख्यतः यंत्रे विकते. मॅकओएसच्या नव्या आवृत्त्या ऑक्टोबर २०१३ पासून फुकट मिळतात, म्हणजेच त्यांची किंमत आपण यंत्राच्या किमतीतच मोजलेली असते. कार्यप्रणाली कोणत्याही स्वस्त संगणकावर चालू लागली तर हा हिशेब कोसळतो. कंपनीला हे अनुभवाने माहीत आहे. १९९५ पासून तिने पॉवर कॉम्प्युटिंग, यूमॅक्स अशा कंपन्यांना मॅकसारखी यंत्रे बनवण्याचा परवाना दिला होता. त्यातून नवे ग्राहक येण्याऐवजी ॲपलचेच ग्राहक तिकडे वळू लागले. १९९७ मध्ये जॉब्ज कंपनीत परतले, त्यांनी हे परवाने गुंडाळले आणि पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅकचा धंदा सुमारे १० कोटी डॉलरच्या समभागांच्या बदल्यात ताब्यात घेतला.

पॉवरपीसीच्या काळात वेगळे कुलूप लावण्याची फारशी गरजच नव्हती, कारण बाजारातले सर्वसाधारण संगणक मुळात वेगळ्या प्रोसेसरचे होते. २००५ ने ही भिंत पाडली. इंटेल मॅकच्या आतले प्रोसेसर, चिपसेट आणि डिस्क जवळपास इतरांसारखेच झाले. त्यामुळे बंदी मुद्दाम घालावी लागली. मॅकवर कोणी विंडोज चढवले तर आमची आडकाठी नाही, पण मॅकओएस आमच्या यंत्राखेरीज कोठेही चालू देणार नाही, अशी भूमिका कंपनीचे फिल शिलर यांनी घोषणेच्या वेळीच मांडली.

बंदीला दोन अंगे आहेत. पहिले परवान्याचे : ‘ॲपलची नाममुद्रा असलेल्या’ संगणकावरच ही प्रणाली वापरता येईल, असे करारात लिहिलेले असते. दुसरे तांत्रिक : फाइंडर, डॉक यांसारखे महत्त्वाचे घटक सांकेतिक रूपात ठेवले गेले आणि ते उलगडण्याची किल्ली इंटेल मॅकमधल्या पंखे व वीज सांभाळणाऱ्या एका छोट्या चिपमध्ये ठेवली गेली. हे काम करणाऱ्या घटकाचे नाव ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ असे होते. अभियंत्यांची ही थट्टा फार काळ चोरांच्या आड आली नाही. किल्ली लवकरच सर्वांना ठाऊक झाली आणि इतर संगणकांवर मॅकओएस चढवणारा, हॅकिंटॉश नावाचा एक हौशी पंथच उभा राहिला.

आता ॲपल सिलिकॉनमुळे, म्हणजे एम१ पासूनच्या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरमुळे, पुन्हा भिंत आली आहे, आणि ही पूर्वीपेक्षा उंच आहे. तो प्रोसेसर दुसऱ्या कोणाला विकलाच जात नाही. ज्या दिवशी मॅकओएसमधला इंटेलचा भाग वगळला जाईल, त्या दिवसापासून हॅकिंटॉशला आधार उरणार नाही.

कमी पैशांत ‘मॅकओएस घातलेला’ संगणक करून मिळतो आहे. घ्यावा का?

व्यवसायासाठी घेऊ नये. असे संगणक उघडपणे विकण्याचा प्रयत्न अमेरिकेत फ्लोरिडातील सायस्टार या कंपनीने एप्रिल २००८ मध्ये केला होता. तिचे सर्वांत स्वस्त यंत्र ३९९ डॉलरचे होते आणि मॅकओएसची प्रत विकत घेतलेली आहे, मग ती कोठेही घालू, असा तिचा युक्तिवाद होता. जुलै २००८ मध्ये ॲपलने दावा लावला. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायालयाने तो कॉपीराइटचा भंग ठरवला, डिसेंबरमध्ये कायमची मनाई झाली आणि सप्टेंबर २०११ मध्ये वरच्या न्यायालयानेही ती उचलून धरली. हा निकाल अमेरिकेचा आहे. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आले असून, हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण तोडणे हा त्यानुसार गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार आतबट्ट्याचाच आहे. प्रत्येक अद्ययावतीनंतर काही तरी बंद पडते, ज्याने जोडून दिले तो पुण्याला किंवा मुंबईला असतो, आणि ऐन लग्नसराईत आवाज किंवा वायफाय गेले तर विचारायला कोणी नसते. हौस म्हणून, शिकण्यासाठी कोणी करीत असेल तर त्याची जिद्द वाखाणण्यासारखी आहे. गिऱ्हाइकाचे काम त्यावर ठेवू नये, एवढेच.

मॅकवर विंडोज चालते का? आमचे हिशेब टॅलीत आहेत.

इंटेल मॅकवर चालते. एप्रिल २००६ मध्ये आलेल्या बूट कॅम्पमुळे मॅक थेट विंडोजमध्ये सुरू करता येत असे. मात्र बूट कॅम्प विंडोज १० पर्यंतच पोहोचले, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एम१ व पुढील मॅकवर बूट कॅम्प नाही. तेथे मॅकओएसच्या आतच दुसरी प्रणाली चालवणाऱ्या पॅरलल्ससारख्या प्रोग्राममध्ये विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती चालवावी लागते. मायक्रोसॉफ्टने या मार्गाला फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली. त्यात साधे प्रोग्राम बहुधा चालतात, परंतु डोंगल, डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन आणि पावत्या छापणारे प्रिंटर यांना एआरएमसाठीचेच ड्रायव्हर लागतात. ज्यांचा दिवस टॅली आणि टोकनवर जातो त्यांनी एक साधा विंडोज संगणक वेगळा ठेवणे स्वस्तही पडते आणि डोकेदुखीही वाचवते.

पाण्यात भिजलेल्या किंवा गंजून बंद पडलेल्या मॅकमधून फाइली काढता येतात का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर मॅक कोणत्या वर्षीचा आहे यावर अवलंबून आहे.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर दुकानदारांनी चिखलातून जे काही बाहेर काढले त्यात संगणकही होते. ज्या जुन्या मॅकमध्ये डिस्क वेगळी होती, त्यांच्याबाबत मार्ग होता. २०१२ च्या साध्या मॅकबुक प्रोमध्ये अडीच इंची डिस्क असते. मागचे झाकण उघडून ती काढायची, नीट वाळवायची, स्वच्छ करायची आणि तीस चांगल्या अवस्थेतील दुसऱ्या यंत्राला जोडून पाहायचे. २०१५ पर्यंतच्या मॅकबुक एअर व प्रोमध्येही एसएसडीची पट्टी स्क्रू काढून वेगळी करता येते. मदरबोर्ड मेला तरी डिस्क जिवंत असू शकते, आणि अनेकदा असते.

डिसेंबर २०१७ च्या आयमॅक प्रोपासून आणि २०१८ च्या लॅपटॉपपासून टी२ ही सुरक्षा चिप आली, आणि पुढे तिचे काम एम घराण्याच्या प्रोसेसरमध्येच सामावले गेले. या यंत्रांत साठवलेली प्रत्येक फाइल, आपण फाइलव्हॉल्ट (मॅकओएसमधील फाइली कुलूपबंद करण्याची सोय) चालू केलेले असो वा नसो, सांकेतिक रूपातच असते आणि ती उलगडण्याची किल्ली त्या एका चिपच्या आत बंद असते. लॅपटॉपमध्ये तर साठवणीच्या चिपाही बोर्डावरच झाळलेल्या आहेत. त्या कौशल्याने काढून दुसऱ्या बोर्डावर बसवल्या तरी हाती निरर्थक बाइटच येतात. फाइली परत मिळण्याचा एकच मार्ग उरतो : मूळ प्रोसेसर असलेला तोच बोर्ड, निदान काही काळासाठी, पुन्हा चालू करणे. सूक्ष्म दुरुस्ती करणारे कारागीर हे कधी कधी साधतात. प्रोसेसरलाच इजा झाली असेल तर मात्र तेही हात टेकतात.

यामागे गैरहेतू आहे असे म्हणता येणार नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आतले काहीही वाचता येऊ नये, हा उद्देश रास्त आहे आणि तो साधलाही आहे. पण मुंबईच्या लोकलमधून लॅपटॉप पळवला जाण्याची भीती आणि खाडीकाठच्या दुकानात पाणी शिरण्याची भीती या वेगळ्या आहेत. कुलूप बनवणाऱ्यांनी पहिलीचाच विचार केला असे दिसते. दुसरीची तजवीज आपली आपणच करायला हवी.

तजवीज म्हणजे दोन प्रती. एक प्रत मॅकमधल्याच टाइम मशीन या प्रोग्रामने बाहेरच्या डिस्कवर रोजच्या रोज घ्यावी. ही डिस्क काउंटरखालच्या खणात न ठेवता माळ्यावर, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. दुसरी प्रत गावाबाहेर असावी. इंटरनेटवर शंभर-दोनशे जीबीचे लग्नाचे चित्रीकरण चढवणे आपल्याकडच्या जोडणीवर अनेकदा अशक्य असते. त्याऐवजी गणपतीला आणि शिमग्याला घरी आलेल्या चाकरमान्याबरोबर एक डिस्क मुंबईला धाडून जुनी परत मागवणे, ही पद्धत काही स्टुडिओवाले पाळतात. तिला नावे ठेवण्यासारखे काहीही नाही.

भिजलेला मॅक चालू करून पाहू नये. चार्जर काढावा, शक्य असल्यास बॅटरीची जोडणी सोडवावी आणि लवकरात लवकर जाणकाराकडे न्यावा. तांदळाच्या पिंपात ठेवल्याने क्षार निघत नाहीत, आणि बोर्ड खातात ते क्षारच. खाडीच्या पाण्यात ते भरपूर असतात.

रॅम किंवा साठवण नंतर वाढवता येते का?

एम घराण्याच्या मॅकमध्ये रॅम प्रोसेसरच्याच पुडक्यात असते, त्यामुळे नाही. लागेल तेवढी रॅम खरेदीच्या वेळीच घ्यावी. साठवण मात्र बाहेरच्या एसएसडीने भागवता येते.

आमच्या जुन्या मराठी फाइली नव्या मॅकवर उघडत नाहीत. प्रोसेसरमुळे का?

बहुधा नाही, आणि येथेच सर्वाधिक गल्लत होते. देवगड किंवा रत्नागिरीच्या हापूसच्या पेटीवरचे वीस वर्षांपूर्वीचे एखादे लेबल घ्या. दर वर्षी हंगामापूर्वी बागायतदार येतो आणि ‘तेच लेबल, फक्त फोन नंबर बदला’ म्हणतो. फाइल क्वार्क या पानांची मांडणी करणाऱ्या प्रोग्राममध्ये केलेली, अक्षरे युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत). नव्या मॅकवर एकाच वेळी तीन निरनिराळ्या गोष्टी अडतात.

पहिली, तो जुना क्वार्क चालत नाही. हा प्रोसेसर आणि कार्यप्रणाली यांच्या बदलाचा परिणाम. ऑक्टोबर २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून ३२ बिटचे प्रोग्रामही बंद झाले, त्यामुळे मधल्या काळातल्या आवृत्त्याही गेल्या.

दुसरी, फॉन्ट. त्या काळच्या मॅकवरील बरेच मराठी फॉन्ट पोस्टस्क्रिप्ट टाइप १ प्रकारचे होते, आणि अडोबीने या प्रकाराचा आधार जानेवारी २०२३ पर्यंत आपल्या प्रोग्राममधून काढून घेतला. शिवाय जुन्या मॅक फॉन्टची माहिती फाइलीच्या एका वेगळ्या, अदृश्य कप्प्यात असे, ज्याला रिसोर्स फोर्क म्हणतात. अशी फाइल विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज संगणकामार्गे फिरली की तो कप्पा गळून पडतो आणि फॉन्टचा आकार शून्य केबी दिसू लागतो. मग कोणताही मॅक तो उघडू शकत नाही. म्हणून जुन्या मॅकवरून फॉन्ट हलवताना ते मॅकवरच झिप करावेत किंवा डिस्क इमेजमध्ये बांधावेत.

तिसरी, खुद्द मजकूर. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसला की लेबलावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. तो मजकूर नष्ट झालेला नसतो. योग्य रूपांतरकाने युनिकोडमध्ये आणता येतो. प्रत्येक फॉन्ट घराण्याची मांडणी निराळी असल्याने रूपांतरकही त्याच घराण्याचा लागतो. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार बारकाईने तपासावेत. जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टंकलेला असतो, युनिकोडमध्ये क्रम उलटा आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी रूपांतरक चुकतात. ‘रत्नागिरी’तली ‘गि’ भलतीकडे गेलेले लेबल हजाराच्या संख्येने छापून झाल्यावर लक्षात येण्यात अर्थ नाही.

वारंवार लागणाऱ्या फाइली एकदा बसून युनिकोडमध्ये नव्याने करून ठेवाव्यात. लेबलासारख्या न बदलणाऱ्या कामाची अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर केलेली पीडीएफही सोबत ठेवावी. तिला फॉन्टही लागत नाही आणि तो जुना प्रोग्रामही.

जुना इंटेल मॅक सध्या स्वस्तात मिळतो. घ्यावा का?

किंमत खरोखर कमी असेल आणि काम ठरावीक असेल तरच. २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचे कंपनीने जून २०२५ मध्येच सांगितले, आणि तीही मोजक्या इंटेल यंत्रांवरच चालते : २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा चार थंडरबोल्टवाला १३ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा २७ इंची आयमॅक आणि २०१९ चा मॅक प्रो. विक्री थांबून सात वर्षे झाली की कंपनी सर्वसाधारणपणे सुटे भागही देत नाही. घेतलाच तर आधीच्या मालकाने आपले खाते त्यावरून काढले आहे हे समोर बसून पाहावे. टी२ असलेल्या यंत्रावर ॲक्टिव्हेशन लॉक (आधीच्या मालकाच्या खात्याचे कुलूप) राहिले तर तो संगणक निव्वळ धातूचा तुकडा आहे. ‘घरी जाऊन काढून देतो’ यावर विसंबू नये.

विंडोजवालेही आता हेच करतात ना?

थोडेसे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्याच्या तोडीचा प्रोसेसर सक्तीचा केला, आणि त्यामुळे धडधाकट संगणक एका रात्रीत कालबाह्य ठरले. पण मायक्रोसॉफ्ट यंत्र कोणाचे असावे हे सांगत नाही, किमान कसे असावे एवढेच सांगते. निवड अनेक कंपन्यांत करता येते आणि कणकवलीतला दुरुस्तीवालाही त्याचा सुटा भाग मिळवू शकतो. गावात राहणाऱ्याला हा फरक लहान नाही.

मॅकवर लिनक्स घालता येते का?

येते. हे कुलूप एका दिशेचे आहे : मॅकओएसला बाहेर जाता येत नाही, पण मॅकमध्ये दुसऱ्या प्रणालीला येण्यास बंदी नाही. टी२ नसलेल्या इंटेल मॅकवर लिनक्स सहज चढते. एम१ आणि एम२ साठी असाही लिनक्स हा प्रकल्प आहे. अद्ययावती थांबलेल्या इंटेल मॅकचे आयुष्य वाढवण्यासाठी लिनक्स हा हॅकिंटॉशपेक्षा कितीतरी सरळ मार्ग आहे.

माळ्यावर पॉवरपीसीचा जुना मॅक पडून आहे. भंगारात द्यावा का?

त्यातल्या फाइली काढल्याशिवाय देऊ नये. प्रथम झाकण उघडून बोर्डावरची अर्ध्या पेन्सिल सेलएवढी ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी पाहावी. दमट हवेत ती फुटून बोर्ड खराब करते, म्हणून आधी ती काढावी. मग यंत्र सुरू करताना ‘टी’ ही कळ दाबून धरली, की फायरवायर (उपकरणे जोडण्याची जुनी वेगवान जोडणी) असलेला मॅक बाहेरच्या डिस्कसारखा दुसऱ्या मॅकला जोडता येतो. हे काम फायरवायर समजणाऱ्या जुन्या इंटेल मॅकवर करावे, कारण मॅकओएस टाहोने फायरवायरचा आधार काढून टाकला आहे. मॅक ओएस ९ च्या काळातील काही डिस्क एचएफएस या मूळ पद्धतीने आखलेल्या असतात आणि कॅटलिनापासून पुढचे मॅकओएस त्या वाचतच नाही. त्यासाठी कॅटलिनापूर्वीचा मॅक शोधावा. फाइली निघाल्या, फॉन्ट झिप झाले, की यंत्र नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे. चालू स्थितीतला जी४ मात्र घाईने देऊ नये. जुना क्वार्क उघडून लेबलाची पीडीएफ काढून देणारे यंत्र तालुक्यात एखादेच उरलेले असते, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याची विचारणा होतेच.